आषाढातली ज्वारी

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत रेशनच्या दुकानाला जुनी माणसे अजूनही ‘कंट्रोल’ म्हणतात. कंट्रोलवर गहू आला, कंट्रोलचा तांदूळ संपला, असे सहज बोलले जाते. शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. तो ज्यांनी पहिल्यांदा ऐकला ती पिढी गेली, पण शब्द राहिला, कारण त्यामागचे दृश्य फारसे बदलले नाही: एक अरुंद खोली, दारातच मांडलेला काटा, भिंतीला पोत्यांची थप्पी आणि ओट्यापासून रस्त्यापर्यंत पिशव्या घेऊन दाटीने उभी माणसे. दहा घरांनी मिळून चालवायचे धान्याचे दुकान ही कल्पना या भागात वेगवेगळ्या नावांनी आली. कधी ती सोसायटीची होती, कधी खरेदी-विक्री संघाची, कधी बचत गटाची. सहकाराच्या इतिहासात साखर कारखाने, बँका, दूध संघ यांना प्रकरणे मिळतात. या खोल्यांना एखादे वाक्य मिळते. ते वाक्यही ठरलेले असते. ग्राहकांचा सहकार महाराष्ट्रात शहरांपुरता राहिला, मराठवाड्यात रुजला नाही, कारण इथली माणसे उदासीन आणि पुढारी स्वार्थी, असे सांगून विषय मिटवला जातो. तो रुजला नाही हे खरे आहे. दिलेले कारण मात्र मला पटत नाही. बाहेरून आलेला दुकानाचा नमुना स्वस्त-महागाचा प्रश्न सोडवण्यासाठी घडलेला होता आणि इथला प्रश्न ऋतूचा होता. फाल्गुनात ज्याच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली, त्यालाच आषाढात पायलीभर ज्वारीसाठी दुसऱ्याचे दार वाजवावे लागत होते. या दोन महिन्यांमधले अंतर जो भरून काढील त्याच्याच हाती गावाची भाकरी राहिली. सावकार, आडत्या, किराणा दुकानदार, सरकार, ही नावे बदलत गेली. सहकाराने ते अंतर एकदाच ओळखले होते, आणि तो प्रयत्नही चुकीच्या हातांनी झाला.

हे अंतर भरण्याचे सगळ्यात जुने साधन म्हणजे पेव. कठीण मुरमाच्या जागी तोंड अरुंद आणि पोट रुंद असा खड्डा खणायचा, आतून कडबा आणि भुसा लावायचा, वाळलेली ज्वारी ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. जमिनीच्या पोटात हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही आणि धान्य वर्षे-दोन वर्षे टिकते. कडेची ज्वारी काळी पडते, तिला उग्र वास येतो, पण मधली खाण्याजोगी राहते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो हे सगळ्यांना ठाऊक होते. तोंड उघडे ठेवून थांबायचे, मग उतरायचे. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला की आपण तिचे पेव फुटले म्हणतो. आज कागदी झालेल्या या वाक्प्रचारामागे टोपल्या घेऊन जमलेले अख्खे गाव उभे आहे. घरातल्या साठवणीसाठी कणग्या होत्या, भिंतीत बांधलेली बळदे होती. पण दुष्काळाचे वर्ष तरून जाण्याइतका साठा पेवातच मावे, आणि पेवे असत पाटील, देशमुख, सावकार आणि मोठ्या वतनदारांची. त्यांतून धान्य मिळे ते सवाईने किंवा दिढीने. आषाढात चार पायल्या नेल्या तर राशीला पाच किंवा सहा परत करायच्या. मधले महिने मोजले तर हा दर जबर आहे. तरीही त्याला निव्वळ लूट म्हणून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. आषाढातली पायली महाग असते आणि राशीची स्वस्त. त्यामुळे धान्यात पंचवीस टक्के वाढ म्हणजे पैशात तेवढीच वाढ नव्हे. शिवाय नासधूस आणि बुडीत सावकाराच्या अंगावर असे. सवाई हे काही अंशी काळाचेच भाडे होते. ज्याच्याकडे पेव नाही त्याला दुसरे दारच नव्हते, म्हणून हे भाडे मालक मागेल तेवढे द्यावे लागे. अन्याय होता तो इथे.

दुसरा अन्याय मापात होता. धान्य वजनाने नव्हे, मापाने दिले-घेतले जाई. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी चढती मापे होती. चार शेरांची पायली. मापारी मोजू लागला की पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. हा शुभशब्द देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांसाठी असला तरी लाभ कुणाचा, हे मापाच्या तोंडावर ठरे. शिगोशीग भरलेली पायली आणि काठावरून हात फिरवून सपाट केलेली पायली यांत पसा-दीड पसा ज्वारीचा फरक पडतो. घेताना शीग आणि देताना सपाट, एवढ्या एका हालचालीत वर्षभरात पोती उभी राहत. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक मापे आली, किलोचा काटा आला आणि ही हातचलाखी बरीच आवरली. सामाईक दुकानातल्या दाटीला मी एवढे महत्त्व देतो त्याचे एक कारण हेच आहे. अरुंद खोलीत काटा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. मागे उभी असलेली बाई पुढचीचे माप पाहते, पुढची वळून मागचीचे पाहते. तक्रारवही जे करत नाही ते हे बघणे करते. त्याच दाटीत गरिबाची गरज चारचौघांत उघडी पडते हेही खरे, आणि ज्यांना हे टोचते ते थोडे जास्त पैसे मोजून एकट्याने किराणा आणतात. तो त्यांचा हक्क आहे. पण काट्यावरची नजर मात्र तिथे एकट्याचीच राहते.

जुन्या गावाचे गुणगान करण्याचा मोह इथे आवरला पाहिजे. ‘गावचे धान्य गावात राहत होते’ असे म्हणताना ते कुणाच्या हातात राहत होते हे विचारावे लागते. ज्याला जमीन नाही त्याला राशीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळे, आणि ते हक्काचे असूनही दानासारखे टाकले जाई. महार आणि मांग समाजांच्या वाट्याला तर कामाची सक्ती पुरी आणि मोबदल्याची शाश्वती अपुरी, अशी वतने होती. याच जिल्ह्यात कसबे तडवळे इथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ती याच व्यवस्थेविरुद्धच्या लढ्यातली होती. सामाईक धान्यकोठाराची कोणतीही योजना आखताना हा इतिहास विसरता येत नाही. कोठाराची किल्ली जुन्याच वाड्यात राहणार असेल तर नावापुढे ‘सहकारी’ लागून काही बदलत नाही.

पेवांचे महत्त्व उतरू लागले ते बाजार जवळ आल्यावर. व्यापार इथे नवा नव्हता. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथले कापड पैठणच्या वाटेने भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. पण कापड बाहेर जाणे वेगळे आणि खाण्याचे धान्य बाहेर जाणे वेगळे. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे १८९७ मध्ये धावू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती निजामाच्या मुलखात तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांची ती बार्शी लाईट रेल्वे. येडशी, ढोकी, तेर या गावांच्या शिवारातून तिच्या वाघिणी जाऊ लागल्या तशी रास झाल्याबरोबर माल विकून टाकण्याची सोय झाली, आणि सारा भरण्याच्या तगाद्यामुळे सोयीची लवकरच सक्ती झाली. बार्शी इंग्रजी अमलात, धाराशिव निजामाच्या. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. मालाच्या भावात फटका आणि नाण्याच्या बट्ट्यात दुसरा. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा केला, तो वजन-मापातली लबाडी, मनमानी कडता आणि आडत यांना लगाम घालण्यासाठी. कायदा चांगला होता, पण त्याने शेतकऱ्याचे अर्धेच आयुष्य पाहिले, विकणाऱ्याचे. तोच शेतकरी चार महिन्यांनी विकत घेणारा होऊन बाजारात येतो तेव्हा त्याच्या बाजूने कोण, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. पुढच्या बाजार समित्यांच्या कायद्यांतही ते नाही.

सहकाराचा कायदा हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये झाला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात तो त्याआधी दहा वर्षे, १९०४ मध्ये झाला. दोन्हीकडे सुरुवात पैशाच्या कर्जापासून झाली. धान्याकडे वळण मिळाले ते महायुद्धामुळे. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, भाव भडकले, बंगालमध्ये माणसे लाखांनी मेली. संस्थानाने शेतकऱ्यांवर धान्याची लेव्ही बसवली, विक्रीवर कंट्रोल आणला, आणि याच व्यवस्थेच्या जोडीने गावोगाव सहकारी धान्य बँका उघडल्या. रास झाली की प्रत्येकाने काही धान्य भागभांडवल म्हणून ठेवायचे, पेरणीच्या आणि टंचाईच्या वेळी गरजूला ते उसने द्यायचे, पुढच्या राशीला थोड्या वाढीसह परत घ्यायचे. दाम नाही, कागदावरचा व्याजदर नाही. ज्वारी आत, ज्वारी बाहेर. सहकाराच्या इथल्या सगळ्या इतिहासात आषाढ आणि फाल्गुन यांच्यामधले अंतर नेमके पकडणारी संस्था मला ही एकच दिसते. सावकाराच्या पेवाला गावाचे पेव हे तिचे उत्तर होते.

ती टिकली नाही. ज्या धान्याचा ठेवा करायचा ते लेव्हीच्या वाटेने आले होते. लेव्ही म्हणजे पाटील-पटवाऱ्याची यादी, अमीन, शिपाई आणि घरात शिरून मोजलेली पोती. लहान शेतकऱ्याकडून पुरेपूर वसुली आणि मोठ्यांचा माल रातोरात हलवलेला, ही त्या काळाची कायमची तक्रार होती. पुढे रझाकारांचा धुमाकूळ आणि मुक्तिलढा यांच्या दिवसांत सरकारी लेव्ही हे जुलमाचेच एक रूप ठरले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा धान्य बँक हा शब्द लोकांच्या मनात आपल्या कोठाराचा नव्हता, सरकारच्या वसुलीचा होता. पन्नाशीच्या दशकात या बँका मागे पडल्या आणि सहकार पुन्हा पैशाच्या कर्जाकडे वळला. सक्तीने गोळा केलेला ठेवा कुणी आपला मानत नाही, एवढेच त्या अनुभवातून सिद्ध होते. धान्याची उसनवारी चुकीची होती हे त्यातून सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच फेकून दिल्या गेल्या, याची मला खंत वाटते.

मग आला दुकानाचा नमुना. त्याचे मूळ इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी. तिथल्या २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, १८४४ च्या डिसेंबरात एक खोली भाड्याने घेऊन पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ असा चार-पाच जिनसांचा माल मांडला. भेसळ नाही, माप पुरे, खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी आणि व्यवहार रोखीचा, हे त्यांचे नियम जगभर गेले. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये कामगारांच्या ग्राहक सहकारातून जे उभे राहिले ते पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आले. चीनच्या युद्धानंतर १९६२ पासून केंद्र सरकारने देशभर ग्राहक भांडारांची योजना राबवली, ती याच नमुन्यावर. पुण्यात बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने दहा-बारा कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवायची पद्धत बसवली. दुकान नाही, जाहिरात नाही, माल कुणाच्या तरी दिवाणखान्यात उतरायचा आणि तिथेच वाटून घ्यायचा. हे सगळे प्रयोग मोलाचे आहेत. पण त्यांच्या मुळाशी असलेली वस्तू नीट पाहावी: महिन्याचा पगार. गिरणीचा असो, बँकेचा असो की शाळेचा, ठरलेल्या तारखेला पैसा हाती येतो, म्हणून महिन्याची यादी करता येते आणि रोखीचा नियम पाळता येतो. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला वारणा बाजार ग्रामीण भागात चालला, तोही कारखाना आणि दूध यांच्यामुळे घरोघरी नियमित पैसा फिरत होता म्हणूनच.

धाराशिवच्या कोरडवाहू घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, मूग-उडीद आणि खरीप निघाल्यावर एकदा आणि रब्बी निघाल्यावर एकदा. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला तो मुकादमाच्या उचलीतून एकदम मिळतो आणि जुनी देणी भागवण्यात दिवाळीच्या आत संपतो. अशा घराला रोखीचे दुकान शंभरामागे पाच रुपये स्वस्त पडून काय उपयोग? त्याला श्रावणापर्यंत थांबणारा माणूस हवा असतो. गावातला किराणा दुकानदार थांबतो. तेल, मीठ, डाळ, चहा-साखर तो वहीवर लिहून देतो आणि राशीला पैसे घेतो. बहुतेकदा तोच माल विकत घेणारा किंवा आडत्याचा माणूस असतो, म्हणून वसुली मालातूनच करून घेतो. महाग भावात तो काळ विकत असतो, आणि गिऱ्हाईक जाणूनबुजून तो विकत घेत असते. सहकारी भांडाराच्या दारावर ‘उधार बंद’ची पाटी लागली, त्या क्षणी या घराने आपले गणित करून पाठ फिरवली. याला उदासीनता म्हणणारा माणूस त्या घराच्या वहीत डोकावलेला नसतो.

यावर एक आक्षेप ताबडतोब घेतला जाईल, की सहकारी दुकान उधारी देऊ लागले तर सहा महिन्यांत बुडेल. जी दुकाने बुडाली तीही याच कारणाने. आणि पुढाऱ्यांच्या हस्तक्षेपाचे काय? संचालकाच्या नातलगाची उधारी कोण वसूल करणार? आक्षेप हलका नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी सोसायट्या थकबाकीने खिळखिळ्या झाल्या आणि काही मोठे कारखानेही सभासदांना दारात उभे करून बंद पडले. ढोकीच्या तेरणा कारखान्याच्या बंद धुराड्याने त्या परिसराला काय सोसावे लागले ते जिल्हा जाणतो. पण राजकारण हेच मुख्य कारण असते तर तेच राजकारण असलेल्या भागात साखरेचा सहकार पन्नास वर्षे चाललाच नसता. तो चालला, कारण कर्जाची वसुली उसाच्या बिलातून आपोआप होत होती. देणे आणि घेणे एकाच काट्यावर मिळत होते. धान्याच्या दुकानात ही गाठ कधी घातलीच गेली नाही. घराची ज्वारी आणि तूर एका संस्थेकडे, घराचा किराणा दुसरीकडे आणि कर्ज तिसरीकडे. ग्रामीण कर्जाच्या १९५१-५२ च्या देशव्यापी पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला, तेव्हा गोरवाला समितीने १९५४ च्या अहवालात कर्ज, विक्री आणि साठवण एकत्र बांधण्याची शिफारस केली होती. पुढे गोदामे झाली, राज्याचे वखार महामंडळ झाले, पण गोदामाचा दरवाजा बाजाराकडे उघडणारा राहिला. गावातल्या खाणाऱ्याकडे उघडणारी खिडकी त्याला बसवली गेली नाही.

१९७२ च्या दुष्काळाने हा प्रश्न सगळ्यांच्या अंगणात आणून टाकला. जमिनीचा मालक आणि बिगर जमिनीचा मजूर एकाच खडीच्या ढिगावर बसले, आणि आठवड्याची मजुरी घेऊन एकाच रांगेत उभे राहिले. रांगेत मिळत होती मिलो, परदेशातून आलेली लालसर ज्वारी. तिची भाकरी त्या पिढीला अजून आठवते आणि ती आठवण सुखाची नाही. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणले, लाटणे मोर्चे निघाले. शहरातल्या त्या लढ्याची नोंद इतिहासाने घेतली, घ्यायलाच हवी होती. धाराशिवच्या दुष्काळी कामावरची रांग मात्र ‘मदतकार्य’ या शब्दाखाली गेली. शेतकरी हा ग्राहक आहे हे त्या रांगेने उघड सांगितले होते. दुष्काळ सरला आणि आपण ते विसरलो.

तेव्हा निदान चांगल्या वर्षी घरात ज्वारी असे. गेल्या तीस वर्षांत सोयाबीनने ती सोयही काढून घेतली. कमी दिवसांत निघणारे आणि लगेच पैसा देणारे हे पीक शेतकऱ्याने घेतले यात त्याची चूक नाही. पण सोयाबीन हे या भागातल्या चुलीवरचे धान्य नव्हे. ते पोत्यासकट बाजारात जाते आणि घरी येतात पैसे. ज्वारी-तुरीच्या काळात घर अर्धे विकत घेणारे होते. सोयाबीनच्या काळात ते जवळजवळ पूर्ण विकत घेणारे झाले. वेळा अमावास्येला शेतात पंगत बसते, भज्जी, आंबील, उंडे होतात. ही एकेकाळी शिवाराचीच पंगत होती. आता कितीतरी घरी तिचे बरेच सामान बाजारातून येते. कुणी म्हणेल, विकायचे आणि विकत घ्यायचे यात वाईट काय? भावातला फरक म्हणजे साठवणुकीचा खर्च, तो व्यापाऱ्याने करावा आणि घ्यावा. पुस्तकात हे बरोबर आहे. मात्र आपल्याला परवडेल तेव्हा बाजारात उतरण्याची मोकळीक दोन्ही बाजूंना सारखी असेल, तरच ते खरे ठरते. कर्जाचा हप्ता आणि पुढच्या पेरणीचे बियाणे डोक्यावर असलेला माणूस थांबू शकत नाही. थांबण्याची ताकद हीच इथली खरी मालमत्ता आहे, आणि ती विखुरलेल्या घरांकडे एकेकटी कधीच येणार नाही.

सरकार फुकट धान्य देत असताना हा विचार कशाला, असेही विचारले जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि २०२३ पासून मोफत झालेल्या धान्याने उपास टळले आहेत. ही लहान गोष्ट नाही, आणि ती हिणवणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण कंट्रोलवर येते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. भाकरी खाणाऱ्या मुलखात एका पिढीची जीभ चपाती-भाताकडे वळली, त्यात या थैलीचा वाटा आहे. शिवाय जे वरून येते ते वरून बदलते. मराठवाड्यासह राज्यातल्या १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत होते. ते बंद होऊन २०२३ पासून त्याऐवजी सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा होऊ लागले. पैसे वापरायला मोकळे असतात हे खरे. पण माघात दीडशे रुपयांना येते तेवढी ज्वारी आषाढात येत नाही. धान्याच्या जागी रोकड आली की ऋतूचा सगळा भार पुन्हा घरावर पडतो. पेवाने, धान्य बँकेने आणि चुकतमाकत कंट्रोलनेही जो भार थोडाफार उचलला होता, तो हाच.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला हात घातला तो बायकांनी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारीबरोबर उमरगा-लोहारा भागही हादरला. घरे पुन्हा बांधण्याच्या कामात महिलांचे गट तयार झाले, त्यांना हिशेब, साहित्य, गवंडीकाम यांची माहिती झाली आणि भीड मोडली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ने पुढे याच गटांना शेतीकडे नेले. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला अशी खाण्याची पिके कमी खर्चात घ्यायची, आधी घराची भूक भागवायची आणि उरेल ते विकायचे. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. मला पुरस्कारापेक्षा त्या एकराचा क्रम महत्त्वाचा वाटतो, आधी खाणे आणि मग विकणे. सोयाबीनने उलटा केलेला क्रम त्यांनी सुलटा केला, तोही नवऱ्याच्या सगळ्या शेताला हात न लावता. रेशनची दुकाने बचत गटांना देण्याचे धोरण राज्यात आहे, आणि सावकारी उचलीला पर्याय म्हणून गटांची अंतर्गत कर्जे आता जुनी झाली आहेत. म्हणजे काटा बायकांच्या हाती आहे, कर्जाची वही त्यांच्या हाती आहे आणि खाण्याचे पीकही त्यांच्या हाती आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात हे तीन धागे कितीतरी गावांत एकाच गल्लीत सापडतील. त्यांची गाठ घालणारे कोठार तेवढे नाही.

आणि त्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून पावती घ्यायची, किमतीच्या ठरावीक हिश्श्याइतके कर्ज सहा टक्क्यांनी घ्यायचे आणि १८० दिवसांत माल सोडवायचा. फाल्गुनात ठेवलेल्या ज्वारीला हे दिवस भाद्रपदापर्यंत पुरतात, म्हणजे आषाढ आणि श्रावण दोन्ही त्यांत येतात. पेवाचे आणि धान्य बँकेचे जे कालमान होते तेच हे आहे. आज ही मुदत शेतकऱ्याने भाव वाढण्याची वाट पाहण्यासाठी वापरायची असते आणि शेवटी पोते व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढते. तेच पोते, तीच पावती आणि तेच सहा टक्के घेऊन गावातल्या चाळीस बायकांच्या गटाने ज्वारी आपल्याच खोलीत ठेवली, पेरणीच्या महिन्यात ती काट्यावर मोजून सभासद घरांना दिली आणि वसुली मूग-उडदाच्या राशीतून केली, तर आषाढातली पायली कुणाच्या दाराशी मागावी लागेल?